'बनवाबनवी'चा दुसरा भाग हवा का?

सप्टेंबर २०२४ मध्ये सचिन पिळगांवकर यांचा 'नवरा माझा नवसाचा २' प्रदर्शित झाला. पहिला भाग २००४ चा, म्हणजे मधे २० वर्षे गेली. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाचीही चर्चा असते. हिंदीत 'हेरा फेरी'च्या तिसऱ्या भागावरून २०२५ मध्ये काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. परेश रावल यांनी काम सोडले आणि काही दिवसांनी ते परतलेही. जुना गाजलेला विनोदी चित्रपट ज्याच्या नावावर आहे, त्या प्रत्येक दिग्दर्शकाला हल्ली एकच प्रश्न विचारला जातो: पुढचा भाग कधी? आपल्या लोकांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास येऊन थांबतो तो 'अशी ही बनवाबनवी'पाशी.

माझे मत आधीच सांगतो. दिग्दर्शकाने आपल्या सुरुवातीच्या गाजलेल्या विनोदाकडे जरूर वळावे, पण तो विनोद ज्या प्रश्नातून निघाला त्या प्रश्नाकडे वळावे. जुने नाव, जुनी पात्रे आणि पाठ झालेले संवाद घेऊन दुसरा भाग काढू नये. असे का वाटते ते मांडतो.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला यात आधी हिशेब दिसतो. कॉमर्सला आम्हाला गुडविल शिकवत, म्हणजे धंद्याचे कमावलेले नाव. त्याचा नियम असा की दुसऱ्याचा धंदा विकत घेताना नावासाठी जादा पैसे मोजले, तरच ते ताळेबंदात दाखवायचे. स्वतः कमावलेले नाव दाखवता येत नाही, कारण त्याची खात्रीची किंमत काढता येत नाही. चित्रपटाचा दुसरा भाग काढणारा नेमके हेच नाव वटवायला निघालेला असतो.

आता 'बनवाबनवी'चे नाव कोणी कमावले? १९८८ मध्ये अर्थातच सचिन यांच्या दिग्दर्शनाने, वसंत सबनीसांच्या लेखणीने आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी, अश्विनी भावे अशा कलाकारांनी. पण पुढच्या ३५ वर्षांत त्यात भर घातली ती प्रेक्षकांनी. टीव्हीवर लागला की घरातले सगळे हातातली कामे टाकून बसले, त्यातली वाक्ये लग्नात, कचेरीत, भाडेकरूशी बोलताना वापरली गेली. ही भर कोणाच्या खात्यात जमा नाही, ती आपल्याकडे आहे. दुसरा भाग फसला तर निर्मात्याचे पैसे बुडतील, पण आपलीही ठेव थोडी कमी होईल.

दाखले पाहू. 'झपाटलेला' १९९३ चा आणि त्याचा दुसरा भाग २०१३ चा, तोही थ्रीडीमध्ये. तात्या विंचूचा बाहुला तोच होता, रामदास पाध्ये यांचा. आवाजही दिलीप प्रभावळकरांचाच होता. तंत्र तर पहिल्यापेक्षा कितीतरी पुढचे. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरमध्येच गेले होते. पहिल्या भागात आपण हसलो ते बाहुल्याला नव्हे, बाहुल्याला घाबरणाऱ्या लक्ष्याला. बाहुल्याला वय नसते, म्हणून तो परत आणता येतो. घाबरणारा माणूस परत आणता येत नाही.

'नवरा माझा नवसाचा'ची गोष्ट थोडी वेगळी आहे. गणपतीपुळ्याचा नवस आणि तिथवरचा प्रवास हा त्याचा सांगाडा. पहिल्या भागात एसटी होती, दुसऱ्यात कोकण रेल्वे आली. एसटीतल्या कंडक्टरचे अशोक सराफ रेल्वेत टीसी झाले. प्रवासाच्या गोष्टीत डबा तोच ठेवून प्रवासी बदलता येतात, त्यामुळे तिथे दुसऱ्या भागाला निदान जागा होती. स्वतः सचिन, सुप्रिया आणि अशोक सराफही होते. तरीसुद्धा बाहेर पडणारा प्रेक्षक पहिल्या भागाशीच तुलना करत बाहेर पडतो. दुसऱ्या भागाच्या कपाळी हे लिहिलेलेच असते.

माझ्या मते सगळ्यांत बोलका दाखला केदार शिंदे यांचा आहे. 'अगं बाई अरेच्चा!' हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून २००४ चा पहिला चित्रपट. संजय नार्वेकर यांनी रंगवलेल्या साध्या नोकरदार माणसाला अचानक बायकांच्या मनातले ऐकू येऊ लागते, ही कल्पना. २०१५ मध्ये त्यांनी त्याच नावापुढे दोन आकडा लावून सोनाली कुलकर्णींना घेऊन वेगळी कथा केली. आज किती जणांना ती आठवते? पुढे २०२३ मध्ये त्यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी आणि मंगळागौर. बायकांच्या मनात काय चालते हा प्रश्न पुन्हा तोच होता, मात्र या वेळी तो ऐकायला मधे पुरुष ठेवला नव्हता. नाव नवे, माणसे नवी. बायका नऊवारी नेसून, घोळक्याने थिएटरात गेल्या आणि मराठीतील सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत त्याचे नाव गेले. याला मी खरे परत जाणे म्हणतो.

आपल्या गुजरातेतही असेच एक उदाहरण आहे. कृष्णदेव याज्ञिक यांचा 'छेल्लो दिवस' २०१५ मध्ये आला आणि इथल्या कॉलेजच्या मुलांनी तो तोंडपाठ केला. पुढच्याच वर्षी त्यांनी तो हिंदीत 'डेज ऑफ तफरी' म्हणून केला. कथा तीच, पण गुजराती बोलण्याची मजा हिंदीत आली नाही. २०१८ मध्ये मात्र त्यांनी पुष्कळसे तेच कलाकार घेऊन 'शुं थयुं?' ही निराळी गोष्ट गुजरातीतच सांगितली. सुरतेतल्या आपल्या नातवंडांना विचारा, ती यावर माझ्याहून जास्त बोलतील.

आता 'बनवाबनवी'कडे येऊ. मुळात ती कथा आपली एकट्याची नाहीच. हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ मध्ये 'बीवी और मकान' केला, त्यावरून हा मराठी चित्रपट आला. नंतर तीच कल्पना १९९१ मध्ये तेलुगूत, २००३ मध्ये कन्नडमध्ये आणि २०१४ मध्ये पंजाबीत गेली. एवढ्या भाषांत ती का चालली? कारण तिच्या मुळाशी एक खरी अडचण आहे: परगावी नोकरी आहे, पण लग्न न झालेल्या पोरांना कोणी खोली देत नाही. साडी, विग आणि इन्सुलिनची थाप हे सगळे त्या अडचणीवर चढवलेले आहे. सबनीसांनी ती अडचण अस्सल पुणेरी केली, म्हणून ती आपली वाटली.

आपल्याला ही अडचण समजावून सांगायला नको. उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून आलेल्या पहिल्या पिढीने ती भोगली आहे. इकडे तापीच्या उत्तरेला, अमरोली-कोसाड भागात, आजही नंदुरबार-धुळ्याकडचा एखादा मुलगा खोली बघायला येतो तेव्हा पहिला प्रश्न 'फॅमिली आहे का' हाच असतो. दुसरा प्रश्न जेवणाचा, तिसरा जातीचा, तोही आडून. पाळ्या सांभाळत एकाच खोलीत चार-पाच जण राहतात. १९८८ नंतर खोलीचे भाडे किती पटींनी वाढले, पण घरमालकाची नजर फारशी बदललेली नाही. यावर आज नवा विनोदी चित्रपट का निघू नये? त्याला धनंजय माने लागत नाही, लीलाबाई काळभोर लागत नाहीत. लागतो तो आजचा भाडेकरू.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. कोणी म्हणेल, नाटकात हे सर्रास चालते. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त विजय चव्हाणांनी धमाल केली, पुढे भरत जाधव यांनीही ती भूमिका केली आणि प्रेक्षकांनी दोघांना दाद दिली. खरे आहे. पण नाटक संहितेवर उभे असते आणि प्रत्येक प्रयोग नव्याने होतो. चित्रपटात चेहरा कायमचा ठरून जातो. 'पार्वती' म्हटले की दुसरा चेहरा आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही.

मग आता नवे तंत्र आले आहे, गेलेल्या कलाकाराचा चेहरा आणि आवाज संगणकावर उभा करता येतो, असेही म्हटले जाते. इथे मला बँकेचा साधा नियम आठवतो. खातेदार वारला की त्याचे पैसे वारसांना मिळतात, पण वारसांना त्याच्या नावाने सही करता येत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघेही २००४ मध्ये गेले, सुधीर जोशी २००५ मध्ये. त्यांच्या कामाचा मान आणि मोबदला घरच्यांना मिळावा. त्यांनी न केलेला अभिनय त्यांच्या नावावर खपवू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नवी पिढी जुने बघत नाही, निदान दुसऱ्या भागाच्या निमित्ताने तरी मराठीकडे वळेल, असे काही पालक म्हणतात. आपल्याकडे घरात अहिराणी, बाहेर गुजराती, शाळेत बहुधा गुजराती किंवा इंग्रजी. तिसऱ्या पिढीच्या तोंडात सहज बसलेली मराठी वाक्ये मोजली तर त्यात जुन्या विनोदी चित्रपटांचा वाटा मोठा निघेल. म्हणूनच मला मूळ चित्रपट जपणे जास्त महत्त्वाचे वाटते. कुंदन शाह यांचा १९८३ चा 'जाने भी दो यारो' २०१२ मध्ये साफसूफ करून पुन्हा थिएटरात आणला गेला. 'अंदाज अपना अपना' २०२५ मध्ये तसाच परत आला. जुन्या प्रतीवर पैसे घालणे हा दुसऱ्या भागापेक्षा कमी जोखमीचा व्यवहार आहे. 'बनवाबनवी', 'धूमधडाका', 'झपाटलेला' स्वच्छ प्रतीत, मोठ्या पडद्यावर परत आले आणि सुरतेत दोन खेळ जरी मिळाले, तरी आपली तिकिटे नक्की धरा.

तोवर आपल्या मंडळाला एक सुचवतो. पुढच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ 'बनवाबनवी'साठी ठेवावी, रीतसर परवानगी घेऊन. खेळ संपल्यावर मुलांनी आजी-आजोबांना विचारावे की तुम्हाला सुरतेत पहिली खोली कशी मिळाली, आणि ऐकलेले मराठीत लिहून काढावे. त्यातून एखादा चांगला प्रवेश जरी निघाला तरी आपल्या मुलांनी तो पुढच्या वर्षी करावा. दुसरा भाग लिहायचाच असेल तर तो असा लिहिता येईल.