चिठ्ठीवरचं इंग्रजी

लावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जनावर, म्हणजे साप, चावला की हातात पडते ती दवाखान्याची चिठ्ठी. डॉक्टरी भाषा शिकायला याहून चांगलं पुस्तक नाही. 'टोसिस' म्हणजे पापण्या मिटत येणं, उघडू म्हटलं तरी न उघडणं. नाग किंवा मण्यारीचं विष मज्जातंतूंवर चढतं तेव्हाची ही खूण. मण्यार तर फसवी: जखम दिसत नाही, सूज नाही, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे नुसता पोटात दुखतंय म्हणतो. घोणस, फुरसं रक्तावर जातात. तिथे 'ट्वेंटी मिनिट टेस्ट': कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करायची, रक्त वाहिलं तर ते गोठत नाही हे नक्की. 'एएसव्ही' म्हणजे या चारही सापांच्या विषावरचा उतारा. आशाताईंना प्रशिक्षणात मोठमोठ्या संज्ञा सांगतात, पण डोळ्यांनी पाहता येतं तेवढंच टिकतं, आणि ते पुरेसंही असतं. फोनवर 'पापण्या पडतायत, बोलणं जड झालंय' एवढं ऐकलं तरी समोरचा डॉक्टर तयारीला लागतो. भगताकडे नेऊ नका हे सांगणं सोपं. त्यापेक्षा नातेवाइकांना एक गोष्ट शिकवावी. पेशंट पुढे ठाण्याला पाठवताना चिठ्ठीवर चावल्याची वेळ आणि एएसव्हीच्या किती कुप्या दिल्या, हे लिहून घ्यायचं, आणि लिहिलं नसेल तर गाडी सुटण्याआधी बिनधास्त विचारायचं.