आंकड्याचें नांव आणि आंकड्याचा अर्थ

रत्नागिरी जिल्ह्याची जुनी व नवी माहिती समोर ठेवून जो कोणी घाईनें तुलना करील, त्यास जिल्ह्यांतील गांवें एकाएकीं कमी झालीं असें वाटेल. वस्तुतः ता. १ मे १९८१ रोजीं सावंतवाडी, मालवण, कणकवली इत्यादि तालुके वेगळे होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वांत आला. नांव पूर्वींचेंच राहिलें. त्या नांवाखालीं मोडणारा प्रदेश मात्र बदलला. संगणकाच्या कामाचे आंकडे वाचणाऱ्यांनीं हें उदाहरण नित्य ध्यानांत बाळगावें, असें आमचें मत आहे.

यंत्र किती वेळ कामांत होतें व किती वेळ रिकामें होतें, याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम ठेवीत असते. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत निर्माण केलेल्या सी भाषेंत लहानसा प्रोग्राम लिहून ही नोंद वाचतां येते. जुन्या युनिक्सवर असे प्रोग्राम कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, स्मृतींत थेट डोकावत. नव्या आवृत्तींत तेथील रचना बदलली कीं प्रोग्राम पुन्हां कंपाइल करावा लागे. लिनक्सनें हा मार्ग सुगम केला. प्रॉक या फोल्डरांतील फाइली उघडाव्या आणि साधा मजकूर वाचावा, इतकेंच काम उरलें. आपल्याकडील सी-डॅक संस्थेची बॉस ही प्रणालीहि लिनक्सच्याच पायावर उभी आहे.

परंतु मार्ग सुगम झाला म्हणून सावधगिरी सोडून चालत नाहीं. त्या फोल्डरांतील स्टॅट नांवाच्या फाइलींत प्रोसेसरच्या वेळाचा हिशेब असतो. लिनक्सच्या २.४ आवृत्तींत तेथें चार आंकडे असत: वापरणाऱ्याचें काम, कमी निकडीचें काम, प्रणालीचें स्वतःचें काम आणि रिकामा वेळ. डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहण्यांत गेलेला वेळहि रिकाम्यांतच धरला जाई. डिसेंबर २००३ मध्यें २.६ आवृत्ति आली, तींत हा प्रतीक्षेचा वेळ पांचवा आंकडा म्हणून निराळा झाला.

समजा, वेळाच्या १०० भागांपैकीं २० कामाचे, ५० खरोखर रिकामे आणि ३० प्रतीक्षेचे आहेत. जुन्या प्रणालीवर आपला प्रोग्राम शेंकडा २० काम झाल्याचें सांगेल. नव्या प्रणालीवर तोच प्रोग्राम पहिले चारच आंकडे वाचून एकूण ७० धरील, आणि शेंकडा सुमारें २९ काम झाल्याचें सांगेल. यंत्र तेंच, काम तेंच. उत्तर मात्र दुसरें. प्रोग्राम अडखळत नाहीं, कीं तक्रार करीत नाहीं. अशा आंकड्यावर विसंबून एखाद्या शाळेनें नवें यंत्र विकत घेतलें, तर पालकांचा पैसा व्यर्थ जाईल आणि मूळचा दोष, म्हणजे मंद डिस्क, जागच्या जागीं राहील.

कोणी म्हणेल, सर्वच आंकड्यांची बेरीज करावी म्हणजे झालें. तेंहि बरोबर नव्हे. पुढें २.६.२४ आवृत्तींत यंत्राच्या पोटांत चालणाऱ्या आभासी यंत्राचा वेळ स्वतंत्र आंकड्यानें दिसूं लागला. परंतु तो पहिल्या आंकड्यांतहि धरलेला असतो. डोळे मिटून बेरीज करणारा तो दोनदां मोजील.

म्हणून प्रणाली बदलली कीं प्रथम त्या आवृत्तीची माहितीपुस्तिका वाचावी. वेळाचें परिमाण गृहीत न धरतां सिसकॉन्फ या फंक्शनला विचारावें. हे आंकडे यंत्र सुरू झाल्यापासूनची बेरीज असल्यामुळें दोन वेळां वाचून वजाबाकी करावी. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असें काम यंत्रास देऊन प्रोग्रामची परीक्षा घ्यावी. आणि प्रत्येक आंकड्याशेजारीं प्रणालीची आवृत्ति लिहून ठेवावी.

बंद पडलेला प्रोग्राम आपण होऊन दुरुस्त करूं. कारण त्याचा दोष डोळ्यांस दिसतो. चालत राहून चुकीचें सांगणाऱ्या प्रोग्रामचा दोष मात्र, आपण मुद्दाम तपासल्यावांचून, कधींच दिसणार नाहीं. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं तपासण्याची ही संवय शाळेंतच लावून घ्यावी.