वळवाची रात्र आणि आपली घाई

वळवाच्या पावसाची ओळख शेतकरी बंधूंस करून द्यावयास नको. आमच्या खेड तालुक्यात (राजगुरुनगर हे नाव रूढ होऊन पुष्कळ वर्षे लोटली, तरी जुन्या तोंडी खेडच बसले आहे) वैशाखात सायंकाळी ढग चढले की रात्री काय होणार, हे पोरासही कळते. तरीही २०२५ च्या मे महिन्यात एका रात्री मी जे केले, ते कोणीही करू नये असे होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवेलागणीनंतर तासाभरात वारा सुटला व गावातील दिवे गेले. पत्र्यावर पावसाचा मारा असा की, शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. अंगणापलीकडे कांद्याची अरण अर्धीच झाकलेली. त्याहून पलीकडे आंब्याखाली बैलजोडी व एक दुभती गाय. आधी जनावरे सोडावीत की कांदा झाकावा, असा विचार मी दारात क्षणभर केला. आई नको म्हणत असता कांबळे घेऊन कांद्याकडे धावलो. ताडपत्रीचे टोक हाती येते तोच आंब्यावर वीज कोसळली. मी गुडघ्यांवर आदळलो. बैल वाचले, गाय जागच्या जागी गेली, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. दारात विचार उलटा झाला असता तर हा मजकूर लिहावयास मी उरलो नसतो.

यास दैव म्हणणारे पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. झाडावर पडलेली वीज बुंध्याभोवती जमिनीत पसरते. जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून एका पायाने चढलेला प्रवाह छातीतून दुसरीकडे उतरतो. झाडाखाली दावण ठेवणे म्हणजे हे जाणूनबुजून ओढवून घेणे होय. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंदांस एक किलोमीटर असा हिशेब धरावा. तीस सेकंदांच्या आत गर्जना आली तर घर सोडू नये, आणि शेवटच्या गर्जनेनंतरही अर्धा तास थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना मोबाईलवर देते. ते घरोघरी असावे.

‘वर्षाचा पैसा भिजताना घरात बसा’ असे सांगणे सोपे आहे, हे मी जाणतो. पण तो पैसा रात्री उघडा राहतो कशामुळे? आपण झाकपाक मृगाच्या हिशेबाने करतो. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईस पोहोचला, एरवी ११ जूनच्या सुमारास पोहोचतो. आणि वळवाने तर त्याहीपूर्वी राज्यभर कांदा भिजविला. मृगाची वाट पाहण्याची सवय आता सोडली पाहिजे. ताडपत्री सर्वांस एकाच दिवशी लागते, म्हणून ऐनवेळी उसनी मिळत नाही. गावोगावच्या सोसायट्यांनी ती चैत्रातच एकत्र खरेदी करून सभासदांस द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आंबा अजून उभा आहे. एका अंगाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोललेली. दावण आता झाडापासून दूर, नव्या गोठ्यात आहे. तो गोठा बांधावयास दोन वर्षे सवड होत नव्हती. त्या रात्रीनंतर ती आठ दिवसांत झाली.