विश्लेषण : घोळणा फुटला, कान वाहू लागला... घरीच थांबायचे की दवाखाना गाठायचा?

उन्हाळा लागला की हिंगोली जिल्ह्यात मुलांचा घोळणा फुटतो. वसमत भागात हळद पॉलिश करताना उडणाऱ्या धुळीने अनेकांना शिंका सुरू होतात. पावसाळ्यात ओलाव्यामुळे कानात बुरशी धरते. यातल्या बऱ्याच तक्रारी साध्या असतात. काही मात्र अंगावर काढल्या तर ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते.

कान का ‘फुटतो’?

नाकामागचा भाग आणि मधला कान एका बारीक नळीने जोडलेले असतात. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. त्यामुळे सर्दीचा संसर्ग लवकर कानात पोहोचतो, पू साचतो आणि दाबाने पडद्याला छिद्र पडते. ठणका थांबतो म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण छिद्र बुजले नाही तर कान वारंवार वाहतो. अशा कानात तेल, लसणाचा रस किंवा काडी घालू नये. अंघोळीवेळी पाणी जाऊ देऊ नये. दुर्गंधीयुक्त पू येत असेल तर कानाचे हाड कुजत असण्याची शक्यता असते. हा संसर्ग मेंदूपर्यंतही जाऊ शकतो.

घोळणा फुटल्यावर काय करावे?

मान मागे टाकल्यास रक्त घशात उतरते. रुग्णाला बसवून थोडे पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग सलग १० ते १५ मिनिटे चिमटीत दाबावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. तरीही रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा. प्रौढांमध्ये रक्तदाबही तपासावा.

उशीर कुठे चालत नाही?

- अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले : त्याच दिवशी तपासणी हवी. पहिल्या काही दिवसांतल्या उपचारांनाच चांगले यश येते.
- मुलाने नाकात बटण सेल घातला : काही तासांतच आतली त्वचा जळते.
- तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसला : तंबाखू, बिडीचे व्यसन असल्यास कर्करोगाची शंका दूर करणे गरजेचे.
- श्वास घेताना घरघर, लाळही गिळता येत नाही : थेट तातडीच्या विभागात.

साध्या सर्दीला मात्र प्रतिजैविकांचा उपयोग नाही. ती विषाणूंमुळे होते.

जिल्ह्यात सोय काय?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात हिंगोलीचाही समावेश होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात. त्यात कानाचे आजार व बहिरेपणाही पाहिला जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

पालकांनी काय पाहावे?

मूल टीव्हीचा आवाज वाढवते, हाक मारली तर ओ देत नाही, वर्गात मागे पडते; अशा मुलावर ‘लक्ष देत नाही’ म्हणून रागावण्याआधी त्याचा कान तपासून घ्यावा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचे निदान पहिल्या काही महिन्यांत झाले, तरच ते वेळेत बोलायला शिकण्याची शक्यता वाढते. म्हणून पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला अंगणवाडीत किंवा शाळेत आवर्जून पाठवावे.