उन्हाचे औषध, उन्हाचे माप

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावात मुलीच्या मनगटावर पांढरा डाग उठला, की डॉक्टरचे नाव निघण्याआधी घरात तिच्या रिश्त्याची चिंता सुरू होते. अम्मी बाह्या लांब शिवून घेते. एखादी खाला सांगते, मासळी खाऊन वर दूध प्यायली म्हणून झाले. कुणी बावचीचे तेल आणून देते आणि म्हणते, ‘हे लावून तिला उन्हात बसवा.’ यातली मासळी-दुधाची गोष्ट निराधार आहे. बावचीची मात्र तशी नाही, आणि म्हणूनच ती नीट समजून घेतली पाहिजे.

ज्याला आपण कोड म्हणतो आणि युनानी हकीम ‘बरस’ म्हणतात, तो संसर्गाचा रोग नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करते आणि तेवढी जागा पांढरी पडते. जगात शंभर माणसांमागे साधारण एकाला हा त्रास असतो. एका ताटात जेवल्याने, एकमेकांचे कपडे वापरल्याने किंवा निकाहानंतरच्या सहवासाने तो लागत नाही.

यावर ऊन आणि वनस्पती एकत्र वापरण्याची कल्पना जुनी आहे. अंदलुसमधील मलागा येथे जन्मलेले आणि 1248 मध्ये दमास्कसला वारलेले इब्न अल-बैतार यांनी औषधी द्रव्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. उत्तर आफ्रिकेतील एका बर्बर टोळीचा उपाय त्यांनी त्यात नोंदवला: ‘आत्रिलाल’ नावाच्या झाडाच्या बियांची पूड घ्यायची आणि डाग उन्हात उघडे ठेवायचे. सुमारे सातशे वर्षांनी कैरोचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अब्दुल मोनेम अल-मुफ्ती यांनी हाच उपाय तपासायला घेतला. इजिप्तच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये त्या बियांतून शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि 1948 मध्ये डॉ. अल-मुफ्ती यांनी रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. आजच्या प्रकाशोपचाराचा पाया या कामाने घातला.

त्या द्रव्याच्या कुळाला सोरालेन म्हणतात. आपल्या बावचीच्या बियांतही सोरालेन असते. नुसते सोरालेन डागावर काम करत नाही. त्याला जागे करतात सूर्याचे अतिनील किरण. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. जर्मनीच्या योहान रिटर यांनी ते 1801 मध्ये शोधले. किरण पडले की सोरालेन पेशींना चेतवते, केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी वाढतात आणि वर सरकतात. म्हणून डाग भरू लागतो तेव्हा आधी केसांभोवती बारीक तपकिरी ठिपके दिसतात. ओठ आणि बोटांची टोके यांवर केस नसतात, म्हणून तिथला डाग लवकर दाद देत नाही.

आता धोक्याची बाब. ज्या किरणांनी रंग येतो, त्यांनीच कातडी भाजते. पांढऱ्या डागात संरक्षक रंग नसतो, त्यामुळे तो आधीच लवकर पोळतो. त्यात सोरालेनची भाजणी साध्या उन्हासारखी त्याच दिवशी दिसत नाही. ती दोन-तीन दिवसांनी जोर धरते. घरात काय होते? पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मुलीला जास्त वेळ बसवतात, आणि तिसऱ्या दिवशी फोड येतात. तेलात सोरालेन किती, हे बाटली पाहून कळत नाही. परभणी जिल्ह्यातले मे महिन्याचे ऊन तर मोजून मिळत नाही. बावची पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. तेव्हा हे औषध खोटे नाही, पण मापाशिवाय ते औषध राहत नाही.

आज डॉक्टरांकडे माप आहे. 311 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण देणारे दिवे असतात. त्यासोबत सोरालेन घ्यावे लागत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सेकंद-मिनिटे मोजून, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ हा उपचार चालतो. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांनाही तो देता येतो. सोनपेठकरांना अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात चौकशी करता येईल. युनानी उपचारच हवा असेल, तर हैदराबादच्या एरागड्डा भागात त्वचारोगांसाठी ओळखली जाणारी केंद्र सरकारची युनानी संशोधन संस्था आहे.

एक तपासणी मात्र टाळू नये. डागाची जागा बधिर असेल, स्पर्श किंवा गरम-थंड कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. कोडात डागाची संवेदना शाबूत असते.

उपचाराने डाग भरतीलच असे नाही. काहींचे भरतात, काहींचे थोडे उरतात, काहींना नवे येतात. म्हणून मुलीचे शिक्षण, तिचे हसणे-फिरणे डाग जाण्याची वाट पाहत थांबवू नये. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी अशा लोकांसाठी ‘श्वेता असोसिएशन’ ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा 2006चा मराठी चित्रपटही याच विषयावर आहे. तो घरच्यांनी एकत्र बसून पाहावा.

आणि ज्यांच्या घरी मुलासाठी रिश्ता पाहणे चालू आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: डाग लपवला का, असे विचारण्याआधी तो लपवावा लागेल अशी भीती तिला कुणी घातली, हे स्वतःला विचारा. उन्हाचे माप डॉक्टर ठरवतील. लोकांच्या नजरेचे माप आपल्यालाच ठरवायचे आहे.