कोळशाचे सोवळे

कोळसा उगाळावा तितका काळाच, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. तोच कोळसा दुसऱ्याला शुद्ध करतो, हे मला कसबा बावड्यात मावशीच्या परसात कळले. तिचा गोबरगॅस तसा गुणी. पण शेगडी वरचेवर गंजे, पेटवताना कुजक्या अंड्यांचा दर्प येई.

"आताशा वास येत नाही हो!" मावशी समाधानाने म्हणाली, आणि मला घाम फुटला. हा हायड्रोजन सल्फाइड! नाकाला त्याची सवय होते. मात्रा फार वाढली तर नाकच बधिर होते.

मावसभावाने उसाचे पाचट पिंपात कोंडून जाळले. (पाचटाच्या कोळशासाठी डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेला २००२ साली ॲशडेन पारितोषिक मिळाले होते.) कोळशाचे दाणे नळकांड्यात भरून त्यातून गॅस सोडला. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत विषारी वायू अडकतो. राखेतला खारही मदत करतो. छिद्रे भरली की कोळसा बदलायचा. ते काम नाकावर न सोपवता लेड ॲसिटेटचा कागद लावला आहे. तो काळवंडला की समजावे. मावशी तो पंचांगासारखा रोज पाहते.

बांधापलीकडे मात्र ऊस राजाराम कारखान्याला गेला की पाचट अजून फडातच पेटवतात.