माऊस सोडा, सर!

पडद्यावर लाल ओळी उमटल्या आणि त्या पोरीनं सगळ्यात आधी खिडकी मिटवली. मी मागे येऊन उभा राहिलोय हे तिला पावलांच्या आवाजावरून कळलं असावं. बोट इतक्या सराईतपणे फिरलं, की जावाचा पहिला धडा म्हणून हिनं हेच गिरवलं की काय, असं मला वाटलं.

"काय लपवलंस?"

"काही नाही जी."

"प्रोग्राम चालला?"

"चालते ना, सर."

चालत नव्हता. खिडकी पुन्हा उघडायला लावली तेव्हा तिचा चेहरा आंबे चोरताना सापडलेल्या मुलासारखा झाला. तिचा गुन्हा काय होता? एक महिरपी कंस जास्त पडला होता, एवढंच. त्या एका कंसामुळे खालच्या धडधाकट ओळीही यंत्राला चुकीच्या वाटत होत्या आणि पडदा लालभडक झाला होता. पहिली चूक दुरुस्त केली असती तर बाकीच्या आपोआप गेल्या असत्या. पण पहिल्या ओळीपासून वाचायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती शेवटची ओळ पाहायची, घाबरायची आणि खिडकी मिटवायची.

मुलगी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याकडची, संगणकाच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. घरी माडिया, शाळेत मराठी, पडद्यावर इंग्रजी. तीन भाषा पेलणारं हे लेकरू आपल्या तोंडी मात्र 'मागास भागातलं'. मी पंचवीस वर्षं प्रोग्राम लिहिण्याच्या धंद्यावर पोट भरलं. पहिल्या फटक्यात चाललेला माझा एकही प्रोग्राम मला आठवत नाही. चुकून चाललाच तर मी घाबरायचो, की नक्की कुठेतरी मोठी गफलत आहे. चूक काढणं हेच आमचं काम. लिहिणं त्या मानानं थोडंच. मग एका कंसापायी मान खाली घालायला या मुलीला शिकवलं कोणी?

आपण शिकवलं. पहिलीच्या पाटीवरची फुली आपली. 'शंभर वेळा लिहून आण' ही शिक्षा आपली. पाहुण्यांसमोर 'एवढंही येत नाही का रे?' म्हणून हसणारे काका-मामा आपणच. चुकणाऱ्याला मूर्ख आणि विचारणाऱ्याला आगाऊ ठरवणारा हा समाज पोरांना संगणकासमोर बसवतो आणि त्यांनी नवं काही घडवावं अशी अपेक्षा धरतो! दर मिनिटाला 'तू चुकलास' असं तोंडावर सांगणारं हे यंत्र. त्याच्यासमोर आपण असं पोर बसवतो ज्यानं सोळा वर्षं हे वाक्य फक्त शिवीसारखं ऐकलेलं असतं.

जर्नल नावाचा ग्रंथ कोणी नीट पाहिला आहे का? प्रॅक्टिकलची वही. वर उद्देश, मग प्रोग्राम, खाली आउटपुट, शेवटी सरांची सही. पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत एकही चूक नाही, प्रत्येक प्रोग्राम जन्मतःच शहाणा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू संगणकावर काम करणाऱ्यांना रिलेत अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो मेलेला किडा चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवला, शेजारी वेळ टाकली आणि एका ओळीची थट्टाही लिहिली. ते पान आजही जपून ठेवलेलं आहे. आपल्याकडे हे घडलं असतं तर मास्तरांनी म्हटलं असतं, पान फाड, फेअर करून आण.

चुकीची लाज वाटली की माणूस कारण शोधत नाही, तोडगा शोधतो. जावा शिकणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव येतो. प्रोग्राम आधी वय विचारतो, मग नाव. वय टाकून एंटर दाबलं की नावाचा प्रश्न पडद्यावर येतो खरा, पण उत्तरासाठी थांबत नाही. तसाच पुढे निघून जातो. कारण साधं आहे. 'नेक्स्टइंट' फक्त आकडा उचलतो, आकड्यामागचा एंटर तिथेच पडून राहतो. पाठोपाठ आलेला 'नेक्स्टलाइन' त्या उरलेल्या एंटरपर्यंत वाचतो आणि त्याच्या हाती रिकामी ओळ लागते. एक पाहुणा जेवून उठला, ताट उचललं नाही, दुसरा त्याच उष्ट्या ताटावर बसला. पिढ्यान्‌पिढ्या यावर एकच औषध चालत आलं आहे: मध्ये एक फुकटचा नेक्स्टलाइन टाकून द्यायचा.

त्या मुलीच्या प्रोग्राममध्येही ती होती. मी विचारलं, "ही ओळ काहून टाकली?"

"टाकावं लागते जी."

"पण काहून?"

"सीनियरनं सांगतलं."

सीनियरला त्याच्या सीनियरनं सांगितलं होतं. औषध बरोबर आहे, पण ते कशावर लागू पडतं हे कोणालाच माहीत नाही. दारात लिंबू-मिरची टांगतात तशी ही ओळ टांगलेली. 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' या चार शब्दांचंही तेच. 'तसंच लिहा, पुढे कळेल' असं पहिल्या दिवशी सांगतात. हे 'पुढे' कधी येत नाही. येते ती तोंडी परीक्षा, आणि तिथे पाठ केलेलं उत्तर चालतं. संस्कृत मंत्रांचा अर्थ यजमानाला कळू न देणारी भटगिरी आपण मोडली म्हणे. ती मोडली नाही, तिनं प्रयोगशाळेत जागा भाड्यानं घेतली.

आणि हे कुठे? तर चंद्रपुरात, जिथे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी लोकांना धम्मदीक्षा दिली. परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, असं बुद्धानं कालामांना बजावलं होतं. त्या धम्माच्या दीक्षाभूमीवर दर ऑक्टोबरला आपण अलोट गर्दीनं जमतो, आणि त्याच गावात नोव्हेंबरात पोरगं विचारतं, 'सर, स्टॅटिक कशाला?' तेव्हा सर म्हणतात, पेपरात येत नाही, सोड.

सरांचीही बाजू सांगितली पाहिजे. बरेच जण तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, तेही उशिरा. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. ज्याला स्वतःच्या साहेबाला प्रश्न विचारायची सोय नाही, तो विद्यार्थ्याचा प्रश्न कोणत्या छातीनं झेलणार? भीती अशी जिन्यानं एकेक पायरी खाली उतरते आणि शेवटच्या बाकावरच्या पोरीपाशी येऊन बसते.

पण माझा खरा राग आहे तो दयाळू लोकांवर. त्यात मी पहिला.

सुरुवातीला मी रविवारी या पोरांना मदत करायला जायचो तेव्हा काय करायचो? पोर अडलं की, 'सरक जरा', म्हणून माऊस हातात घ्यायचो. दोन मिनिटांत टकटक करून प्रोग्राम चालवून दाखवायचो. पोरगं म्हणायचं, "भारी आहे सर!" मी समाधानानं पुढच्या खुर्चीकडे. तो चालू झालेला प्रोग्राम माझा असायचा. पोराकडे उरायची फक्त ही खात्री, की आपल्याला जमत नाही, सरांना जमतं. उपकार करून मी एक आश्रित तयार करत होतो, आणि त्याचं मला कौतुकही वाटत होतं.

या पोरांचा पुण्यात नोकरीला लागलेला चुलतभाऊ रात्री हेच करतो. बहीण पडद्याचा फोटो पाठवते, 'दादा, चालत नाही', आणि दादा तयार कोड पाठवून झोपतो. तयार प्रोजेक्ट अहवालासकट विकत मिळतात, हे कोणाला ठाऊक नाही? धानाचे आणि तेंदूपत्त्याचे पैसे मोडून फी भरणारा बाप शेवटच्या वर्षी त्याचेही पैसे भरतो आणि पोरगी स्वतःच्या नावाचा, न कळणारा ग्रंथ घेऊन परीक्षकासमोर उभी राहते. आता तर विचारायचा अवकाश, यंत्रच तयार कोड लिहून देतं. त्या यंत्राला मी दोष देत नाही. शिकवणं म्हणजे उत्तर हातावर ठेवणं, ही आपलीच व्याख्या त्यानं आपल्यापेक्षा चोख पाळली.

दुसरी जात हेटाळणी करणाऱ्यांची. 'बेसिकच कच्चं आहे', 'आधी स्वतः शोध, मग विचार'. यातला प्रत्येक जण कधीतरी कोणाच्या तरी सबुरीवर शिकलेला असतो, पण पगार वाढला की ते विसरतो. गंमत म्हणजे ज्या जावाच्या नावानं हे गुरगुरतात ती स्वतः सुधारली. १९९५ साली ती जगासमोर आली. पुढची पंचवीस वर्षं, नसलेल्या वस्तूला हात घातला की ती फक्त 'नलपॉइंटर एक्सेप्शन' म्हणून ओरडायची आणि ओळीचा क्रमांक फेकायची. त्या ओळीत चार वस्तू असल्या तर कोणती रिकामी हे तुम्ही ओळखा. २०२०च्या आवृत्त्यांपासून ती नीट सांगते, की अमुक गोष्ट रिकामी आहे, म्हणून तमुक करता आलं नाही. समोरच्याला काय कळायला हवं याचा कोणीतरी बसून विचार केला. (आमच्याकडच्या कित्येक यंत्रांवर अजून जुनीच आवृत्ती आहे, हा भाग वेगळा.)

कोणी म्हणेल, जंगलातल्या पोरांना हे झेपायचं नाही, त्यांना तयारच द्यावं लागतं. असं म्हणणाऱ्यानं धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला जाऊन यावं; त्या मुलीच्या गावापासून ते फार लांब नाही. गोंडांचं छोटं गाव. तिथे अभ्यास गट असतो. बाहेरचा जाणकार त्यात बसू शकतो, बोलू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वांच्या सहमतीनं. २००९ साली गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायला निघाले तर वनखातं वाहतुकीचा पास देईना. का? १९२७च्या वन कायद्यात २०१७पर्यंत बांबू हे 'झाड' होतं. झाड म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे खात्याचं. गावानं मोर्चाच्या घोषणांवर भागवलं नाही, कायदा वाचला. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे आणि तिच्यात बांबूचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. एकाच वस्तूची दोन ठिकाणी दोन प्रकारची नोंद! आमच्या धंद्यात याला टाइपचा घोळ म्हणतात, आणि तो शोधायला कंपन्या पगार देतात. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चूक मजकुरात कुठे आहे हे बोट ठेवून दाखवणारी माणसं पदवीधर नव्हती.

याच जिल्ह्यात अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या कमी शिकलेल्या बायांच्या हाती मणी सरकवून बाळाचे श्वास मोजायचं साधन दिलं आणि न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. डॉक्टरी विद्या उंबऱ्याच्या आत कोंडून ठेवली नाही. तिथे तान्ह्या जिवाचा प्रश्न होता. इथे एका सेमीकोलनचा आहे, आणि आपले हात आखडतात.

त्या मुलीकडे परत येतो. दोन-तीन महिन्यांनी तिनं स्वतःच्या मनानं एक प्रोग्राम लिहिला होता: तेंदूपत्त्याच्या मजुरीचा. पुड्यांची संख्या टाकायची, शंभर पुड्यांचा दर टाकायचा, मजुरी बाहेर. दोनशे पुड्यांना बरोबर यायची. अडीचशेला मात्र दोनशेचीच, आणि नव्वदला शून्य. लाल ओळ एकही नाही. यंत्र गप्प आणि हिशेब खोटा. चुकांमधली ही सगळ्यात वाईट जात.

खिडकी तिनं मिटवली नाही. "आईनं नव्वद पुडे नेले तं शून्य कसे देईन, सर?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते गिळून मी विचारलं, "तुमची गाय हरवली तर कुठून शोधता?"

"शेवटी कोणाले दिसली ते इचारतो जी. मंग तिथून."

"मग इथेही विचार."

तिनं प्रत्येक टप्प्याखाली एकेक छापायची ओळ टाकली, मराठीत: इथं पुडे किती, इथं शेकडे किती, इथं मजुरी किती. प्रोग्राम चालवला. त्या संगणकाला मराठी छापता येत नव्हतं. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली, दुसरी आली, तिसरी आली. आकडे तेवढे दिसत होते. पहिल्या रांगेपुढे ९०. दुसरीपुढे ०.

ती पुढे वाकली. पडद्यावर बोट ठेवून पहिल्या रांगेवरून दुसरीवर आली, परत वर गेली. पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनं भागलं की जावा बाकी टाकून देते, हे मला सांगायचं होतं. भाजकापुढे एक टिंब नि एक शून्य टाकायचं, शेकडे दशांशात ठेवायचे की झालं, हेही. माझा हात टेबलावरून पुढे सरकला.

"माऊस सोडा, सर," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "इथंच हरवले. भागाकारानं खाल्ले जी, नव्वदच्या नव्वद."